चार नंबरच्या खोलीतली घंटा

मोबाइल आधी खाली ठेवा. सगळ्यांनी. भाचेबुवा, तुम्हीही. मामाने गोष्ट सांगायची आणि तुमचा अंगठा सरकत राहायचा, हे मला चालणार नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, त्याच्यावर ओढवलेली आहे. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. म्हणजे, नव्हता.

गावाबाहेरच्या रस्त्यावर एक शीतगृह आहे. सफरचंदं ठेवतात. मोठमोठ्या थंड खोल्या, जाडजूड दारं. त्यातल्या चार नंबरच्या खोलीत तर हाडं गोठतील अशी थंडी. सगळ्या दारांची कुलुपं विजेवर चालतात आणि कोणी आत अडकलं तर दाबायला प्रत्येक खोलीत घंटेचं बटण आहे. हे सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम होता फार जुना. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. मग त्यांनी काय केलं, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवला. खरा नाही, नुसता भासाचा. व्हर्च्युअल मशीन. भाची हसतेय, तिला माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. बाहेरचं डबडं नवंकोरं, आत जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्या बिचारीला पत्ताच नाही की आपण दुसऱ्याच्या पोटात आहोत.

ह्यात एक सोय असते. स्नॅपशॉट. नुसता फोटो नव्हे. मशीन त्या क्षणी जसं असेल तसं, चालू कामासकट, गोठवून ठेवायचं. पुढे काही बिघडलं की सरळ त्या क्षणाला परत जायचं. मधलं सगळं पुसलं जातं. घडलंच नव्हतं म्हणायला मोकळे! माणसाच्या हातात अशी सोय देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर नोव्हेंबरातला शनिवार. अमावस्या नव्हती. लख्ख चांदणं होतं, मी उगाच मीठमसाला लावणार नाही. शीतगृहाच्या मॅनेजरचा साडूला फोन. "आमचं ते व्हर्च्युअल मशीन रोज रात्री दोनच्या सुमाराला वेड्यासारखं करतं. चार नंबरमधून घंटा वाजते. खोली रिकामी. रात्रपाळीचे दोघं काम सोडून गेले. या आणि एकदाचं नीट करा."

साडू पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती, दिवसपाळी सुटत होती. सफरचंदं निवडणाऱ्या बायका बाहेर पडत होत्या. त्यांतली एक थांबली. म्हणाली, "दादा, घंटेसाठी आलात ना?"

"हो."

"बंद करू नका." मग म्हणाली, "ते दारूला कधी शिवले नव्हते हो. विचारा कोणालाही."

तिचा नवरा तिथेच कामाला होता. सगळे त्याला मफलर म्हणायचे, कारण उन्हाळ्यातही त्याच्या गळ्यात मफलर. मार्चमधल्या एका रात्री तो चार नंबरमध्ये गोठून मेला होता. मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं, पिऊन आत झोपला. घंटा एकदाही वाजली नाही, कॉम्प्युटरमध्ये बघा. लोकांनी बघितलं. खरंच नोंद नव्हती. झालं! माणूस गेला तो गेला, वर दारुड्या ठरला. आणि पोटासाठी बायकोला त्याच दारातून रोज आत जावं लागायचं. येता-जाता 'दारुड्याची बायको' ऐकत.

साडूने तिला धीर दिला आणि ऑफिसात जाऊन बसला. ऑफिसला एक मोठी काच. काचेतून समोरचा लांब बोळ दिसतो आणि बोळाच्या टोकाला चार नंबरचं दार.

आधी त्याने नेहमीचे उपाय केले. मशीनला मेमरी वाढवून दिली. डिस्क तपासली. आतलं घड्याळ मागे पडलं होतं, ते लावलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर घड्याळ परत मागे. मार्चची तीच तारीख. पुन्हा लावलं. पुन्हा मार्च. साडू वैतागला, पण घाबरला नाही. म्हणाला, सेटिंगमध्ये कुठेतरी घोळ असणार. बाहेरून चुकीचा सिग्नल येत असेल म्हणून त्याने मशीनचं नेटवर्कच तोडलं. आता ते मशीन एकटं. बाहेरच्या जगातलं त्याला काही कळायला मार्गच नाही.

दोन वाजले.

घंटा वाजली.

पडद्यावर ओळ आली. खोली चार. आतून.

साडूने नेटवर्क पुन्हा बघितलं. तुटलेलंच होतं. मग त्याने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. स्नॅपशॉटची यादी उघडली. सगळ्यात वर एक जुना, स्वच्छ स्नॅपशॉट. आणि त्याच्या खाली फुटलेल्या फांदीवर आणखी एक, मफलर गेला त्याच मार्चमधल्या पहाटेचा.

काय झालं होतं, त्याच्या क्षणात ध्यानात आलं. मॅनेजरने त्या पहाटे मशीन मागे नेलं होतं, रात्र पुसायला. पण मागे जाताना ते मशीन विचारतं, आत्ताची अवस्था आधी जपून ठेवू का? आणि मॅनेजरने सवयीने 'हो' दाबलं. तुम्ही दाबता ना, न वाचता? तसंच. जे पुसायचं होतं तेच स्वतःच्या हाताने जपून ठेवलं.

साडूने ती पहाट उघडली.

पडदा भरून गेला. खोली चार, आतून. खोली चार, आतून. खोली चार, आतून. ओळींवर ओळी. सुरुवातीला घाईघाईने दाबलेल्या. मग हळूहळू अंतर वाढत गेलेलं. मग खूपच वाढलेलं. मग शेवटची. आणि अगदी सुरुवातीला, पहिल्या घंटेनंतर लगेच, एक वेगळी ओळ. आवाज बंद केला. मॅनेजर, घरून.

म्हणजे त्याला घंटा कळली होती. झोपमोड नको म्हणून गप्प केली आणि कूस बदलली. साडू मला सांगताना रडला रे. त्याआधी मी ह्या माणसाला कधी रडताना बघितलेलं नव्हतं.

"काय उघडलंय हे?"

मागे मॅनेजर उभा. राहायला आवारातच होता. घंटा ऐकून आला होता. पडदा बघितला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"उडवून टाका ते."

"साहेब, त्याची बायको रोज तुमची सफरचंदं निवडते. तिला हे दाखवायला हवं."

"उडवा म्हणतो ना!"

साडूचा हात चालेना. मॅनेजरने त्याला खुर्चीसकट बाजूला ढकललं. स्वतः वाकला. स्नॅपशॉट उडवला. मग अख्खं व्हर्च्युअल मशीनच उडवलं. यादी रिकामी. हात झटकले आणि म्हणाला, "संपला विषय."

घंटा वाजली.

मशीन नव्हतं. यादीत काहीच नव्हतं. पण खिडकी पडद्यावर तशीच उघडी… आणि ओळ आली. खोली चार. आतून.

"घंटेची वायरच उपटतो!" मॅनेजर ओरडला. टॉर्च घेतला. तरातरा निघाला. काचेतून साडूला त्याची पाठ दिसत होती. बोळ संपला. त्याने दार ओढलं. आत शिरला.

दार उघडंच होतं.

पडद्यावर एक चौकट आली. उडवलेल्या मशीनवर. जिथे काहीच यायला नको, तिथे.

खोली चार. दार बंद करायचे?

खाली 'हो'. त्याच्या बाजूला 'नाही'.

आणि साडूचा हात… कीबोर्डवर.

त्या हाताने काय दाबलं, ते त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

धप्प.

दार लागलं.

मग काही नाही. घंटा नाही. ऑफिसात चिडीचूप. आत माणूस आहे, बटण त्याच्या हाताशी आहे आणि इथे घंटा वाजत नाही… साडूची पाचावर धारण बसली. धावत गेला. दार हलेना. आरडाओरडा केला, रखवालदाराला उठवलं, पहारीने प्रयत्न केला. वीज तोडली. दार तसंच. आतून उघडायला एक कडी होती म्हणे. मफलर गेला तेव्हा तीच तुटलेली होती. नंतर तपासणीला माणसं येणार म्हणून मॅनेजरने तिला नुसता रंग मारून घेतला होता!

पहाटे मिस्त्री आला. त्याने हात लावला आणि दार उघडलं. आपोआप. जसं काही लागलंच नव्हतं.

मॅनेजर जिवंत होता. भिंतीला टेकून बसलेला. एक बोट बटणाला चिकटलेलं. कोमट पाणी ओतून सोडवावं लागलं. आणि तो एकच बोलत होता. हळू आवाजात. "तो माझा हात धरून बसला होता. दाबा साहेब, म्हणाला. दाबत राहा. येईल कोणीतरी."

रात्रभर. "दाबा साहेब. येईल कोणीतरी."

सकाळची पाळी आली तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सगळं कबूल केलं. कोणी विचारलं नव्हतं. म्हणाला, बोलल्याशिवाय तो हात सोडत नाही. पुढे दोन्ही हातांची बोटं काढावी लागली. आता तुरुंगात आहे. मफलरची बायको तिथेच उभी होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हातमोजे काढले, निवडायच्या पट्ट्यावर ठेवले आणि घरी निघून गेली. त्यानंतर तिला दारुड्याची बायको म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

मला विचाराल तर बरं झालं. असल्या माणसाची मला कणभर कीव येत नाही. मामी म्हणते, असं बोलू नये. मी बोलणार.

काय? साडूने 'हो' दाबलं का?

नंतर मे महिन्यात तो आपल्याकडे आला होता. इथेच बसला होता, ह्याच टेबलाशी. दुपारची वेळ, अंगाची लाही होत होती. तेव्हा मी धीर करून विचारलं. म्हटलं, "साडूभाऊ, खरं सांगा. तुम्ही दाबलंत?"

त्याने उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं आणि टेबलाच्या काचेवर टेकवलं. हळूच उचललं.

काचेवर बर्फ जमला होता. बोटाच्या टोकाएवढा. पांढरा.

मी पुसला. फडक्याने पुसला, गरम पाण्याने पुसला.

तो ठिपका अजून टेबलाच्या त्या कोपऱ्यात आहे. मामीने त्यावर फुलदाणी ठेवलीय.

नको. हात लावू नकोस.