कांताबाईचे पाय

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. मी जफर, मूळचा दारव्ह्याचा. तेव्हा माझी नेमणूक झरी जामणीच्या बाजूला होती. काम महारोग्यांना गोळ्या पोचवायचं. सायकलला पेटी बांधायची, गावोगाव फिरायचं, रोग्याचे हातपाय पाहायचे, जखम असली तर धुऊन बांधायची. हा रोग काही महिन्यांत बरा होत नसे. वर्षानुवर्षं गोळ्या घ्याव्या लागत, आणि तेवढी वर्षं कुणाला तरी दारात जावं लागे. ते जायचं काम माझं. त्यात भिण्यासारखं काही मला कधी वाटलं नव्हतं.

सावळदरा गावाबाहेर, नाल्यापलीकडे, रुखमाबाई आणि कांताबाई एका झोपडीत राहत. नात्याच्या नव्हत्या. दोघींनाही घरच्यांनी बाहेर काढलं, तेव्हा एकमेकींना सापडल्या. रुखमाबाईची बोटं आत वळून आखडली होती. साधी गाठ मारता येत नसे. कांताबाईचे हात शाबूत होते, पण पाय गेलेले. म्हणून कांताबाई रांधी, दोघींच्या वेण्या घाली, जखमा बांधी. रुखमाबाई तिला पाठीवर घेऊन नाल्यावर नेई, उन्हात बसवी, सावलीत आणी. मी गेलो की कांताबाई पाठीवरूनच बोले, "आमी दोघी मिळून एक बाई आहो, भाऊ."

कार्तिकात कांताबाई तापानं गेली. मला खबर उशिरा लागली. आता रुखमाबाईला करून कोण घालणार? मी कुष्ठधामात तिच्यासाठी जागा मिळवली आणि गावातल्या भीमराजला बंडी जुंपायला सांगितलं. महारोग्याला न्यायला दुसऱ्या कुणी आपले बैल दिले नसते. भीमराजला बौद्ध दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. "आमाले कोनी शिवत नोतं तवा कसं वाटे, ते मले ठावं हाये," एवढंच तो म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सागाची वाळली पानं पायाखाली मोडत होती. झोपडीपाशी करंजीच्या तेलाचा कडवट वास आला. कांताबाई जखमांना तेच तेल लावायची.

रुखमाबाई दारात बसली होती. केस विंचरलेले, वेणी घातलेली. कोपराला धुतलेल्या चिंधीची पट्टी, आणि पट्टीवर लहान, घट्ट गाठ.

"पट्टी कोनं बांधली, रुखमाबाई?"

"कांतानं."

भीमराजनं माझ्याकडे पाहिलं. एकटं पडलेलं माणूस असं बोलतं, हे मी पाहिलेलं होतं.

कुष्ठधामात पाठवण्याआधी तपासणी करावी लागे. रोग्यानं डोळे मिटायचे. मी कोंबडीच्या पिसानं कातडीला हलकेच शिवायचो, आणि कुठं शिवलं ते त्यानं सांगायचं. रुखमाबाईचे दोन्ही तळवे केव्हाचेच बधिर होते. चुलीतला निखारा हातावर पडला तरी तिला तो वासावरून कळे.

दंडावर तिनं बरोबर सांगितलं. तळव्यावर पीस फिरवलं, तेव्हा ती गप्प. अपेक्षा होती तसंच. मी पीस पेटीत ठेवलं.

"आता अंगठ्यापाशी," ती म्हणाली.

तिचे डोळे मिटलेलेच होते.

"आता तळव्याच्या मधात... आता जोरानं दाबून राह्यली..."

माझे दोन्ही हात मांडीवर होते. तिच्या तळव्याच्या मधोमध कातडी खाली गेली. अंगठ्याएवढा खळगा पडला, जरा वेळ राहिला, आणि हळूहळू भरून आला. मी पाहिलं ते एवढंच.

"चला, रुखमाबाई," मी म्हणालो. "बंडी उभी हाये."

"मी येते, भाऊ... पन तिले चालता येत न्हाई. मी गेली तं ती इथंच पडून राहीन."

भीमराज हळू आवाजात म्हणाला, "तिलेबी घे ना, माय."

ती उकिडवी बसली. हात मागे नेले, थांबली. मग दात आवळून उठली, आणि वाकलेल्या पाठीनं एकेक पाऊल टाकत बंडीपर्यंत आली. पाठमोरी होऊन मागच्या कडेला टेकली, तसं पुढचं जू एकदम वर उचललं गेलं. बैल मान ताणून उभे राहिले. एका वाळलेल्या बाईच्या वजनानं बंडी अशी उलाळ होत नाही. भीमराज पुढे सरकून बसला.

मी मागून चालत होतो. नाल्याच्या वाळूत चाक रुतलं, तेव्हा मी खाली वाकून बंडीला खांदा लावला. क्षणभर काही हललं नाही. मग बंडी एकाएकी हलकी झाली आणि वर चढून गेली.

कुष्ठधामात रुखमाबाई रुळली. उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेलो. बोलता बोलता विचारलं, "कांताबाई काय म्हनते?"

"ती इथं आलीच न्हाई ना, भाऊ. नाल्यात उतरली."

"काहून?"

"म्हने, इथं तुले पाहाले लोक हायेत. बाहीर पडले हायेत त्याइले कोन पाहीन?" रुखमाबाई माझ्या चपलांकडे बघत होती. "तुमचे पाय लय फिरतेत, भाऊ."

मी हसलो. पाठ त्या हिवाळ्यापासून दुखतच होती. सायकलनं दुखते असं मी धरून चाललो होतो.

पुढे थोड्याच दिवसांनी माझी बदली वणीकडे झाली. राजूरला एक नवी रोगी होती, जैबुनबी, खाणीतल्या मजुराची म्हातारी आई. तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. सावळदऱ्याचं तर नावही तिला माहीत नसणार. भर दुपार होती. मी दारातून नाव सांगितलं आणि ओट्यावर, भिंतीला टेकून बसायला लागलो.

"असा नको बसू, बेटा," जैबुनबी म्हणाली. "अगोदर तिले खाली ठेव."

"कोनाले...?"

ती माझ्या खांद्यामागे पाहत होती. "भिंतीत दबून जाईन ना ती."

काय करावं ते मला ठाऊक नव्हतं. रुखमाबाईला करताना एकदाच पाहिलं होतं, तेवढंच केलं. ओट्याखाली उतरून उकिडवा बसलो, हात मागे नेले, आणि वाट पाहिली. रस्त्यानं कोळशाचा ट्रक गेला. त्याची धूळ हळूहळू खाली बसली.

जैबुनबी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मान हलवली.

"उतरत न्हाई," ती अगदी हळू म्हणाली. "तुह्या गळ्याले मिठी मारून झोपली हाये..."