त्रेचाळीस नंबरचे सात गोल

मिराबूलच्या मैदानावर शनिवारच्या फुटबॉल मॅचला कुंपणाला नाक लावून कुणाची गाडी कुठे उभी राहणार, हे दोन पिढ्यांपासून ठरलेलं. पाटी नाही, रेघ नाही, पण गावातल्या कुत्र्यांनाही ते ठाऊक होतं. एल्स्पेथ डकेटला मात्र नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागून तिला गावात येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. दक्षिणेकडच्या गोलखांबांसमोर मोकळी जागा दिसली आणि बाईसाहेबांनी खुशाल गाडी घुसवली.

पहिला गोल झाला तशा मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. तिनेही हौसेने वाजवला... आणि काचेवर टकटक झाली.

बाहेर एक लांबलचक तरुण उभा होता. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, वरून पाऊस, आणि हा नखशिखांत भिजलेला, काखेत थर्मास.

"ही नूननांची जागा आहे," तो म्हणाला. "चाळीस वर्षांपासून."

"कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. सगळ्यांच्या डोक्यात आहे."

"मग तुझी गाडी कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये," तो पडेल आवाजात म्हणाला. "चालत आलोय."

एल्स्पेथने पलीकडचं दार उघडलं. "ये. जागा तुमची, गाडी माझी."

त्याचं नाव फर्गस नूनन. पेशाने वायरमन. थर्मासच्या एकाच झाकणातून दोघं आळीपाळीने चहा प्यायली, आणि मॅच राहिली बाजूला, हा आपला बोलतच सुटला. मोठ्या खेळाडूंचं त्याला काडीचंही कौतुक नव्हतं. त्याचा जीव जडला होता तो सुमार खेळाडूंवर, ज्यांनी आयुष्यात फक्त एकच मॅच गाजवली. एक बेकरीवाला होता, त्याने म्हणे पाठीवर वारा घेऊन साठ मीटरवरून गोल मारला, आणि पुन्हा कधी वीस मीटरवरूनही त्याला जमलं नाही. एक पोस्टमन होता, एका दुपारी त्याने आपल्यापेक्षा हातभर उंच माणसाच्या डोक्यावरून अकरा चेंडू हातांनी झेलले (इथल्या फुटबॉलात ते चालतं), आणि सोमवारी त्याला टपालाची पिशवी उचलवेना. अशा माणसांसाठी क्लबात दर सप्टेंबरला एक जेवण असे. सभासदांपैकी एकाने उठून असा एक विसरलेला गडी निवडायचा, त्याची मॅच सांगायची, आणि मग त्याचं नाव हॉलच्या भिंतीवर रंगवलं जायचं. यंदा सांगायची पाळी फर्गसची होती.

"मी कुणाला निवडलंय माहितीये? ट्रेव्हर हेलला. त्रेचाळीस नंबर. सव्वीस वर्षांपूर्वी, अस्साच पाऊस. याराकच्या संघाने आमची धूळधाण उडवली होती. आणि मध्यंतरानंतर या गड्याने सात गोल मारले... सात! आजोबा गुण लिहायला होते. त्यांच्या वहीत आहे."

एल्स्पेथचा हात झाकणासकट हवेतच थांबला.

कारण ते सात गोल तिच्या बाबांनी मारले होते.

कॉलिन डकेट मिराबूलकडून एकंदर अकरा मॅच खेळले, त्यातल्या दहांबद्दल न बोललेलंच बरं. त्या दिवशी त्यांची एकोणीस नंबरची जर्सी पार फाटली. ट्रेव्हरचा घोटा मुरगळला होता. त्याने आपली काढून यांच्या अंगावर चढवली. मग चिखलाने सगळ्यांचे चेहरे सारखेच झाले, दिसला तो फक्त आकडा. बाबांनी ही गोष्ट तिला एकदाच सांगितली होती. मॅच जिंकलो ना, मग झालं तर, असं म्हणून विषय संपवला होता. पण त्यानंतर त्यांनी मिराबूलमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, आणि एल्स्पेथला त्याचं फार वाईट वाटायचं. माणसाला आयुष्यात एकच दिवस मिळावा, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर जावा?

तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण फर्गसच्या पापण्यांवर अजून पावसाचे थेंब होते, आणि तो इतका रंगात आला होता की... पुढच्या शनिवारी सांगू, असं तिने ठरवलं.

पुढच्या शनिवारी त्याची गाडी गॅरेजमधून आली होती. तरी तो चालतच आला. त्याच्या पुढच्या शनिवारी मागच्या सीटवर त्याचे पॅडी आजोबाही येऊन बसले आणि मध्यंतराच्या आधीच घोरू लागले. एकदा गोल झाल्यावर दोघांनी एकदमच हॉर्नवर हात ठेवला. तिच्या हातावर त्याचा हात. तो काढायचं कुणाच्याच मनात येईना, आणि हॉर्न आपला वाजतोय, वाजतोय... शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, की बाळांनो, तुम्ही दोघं कुठली मॅच बघताय? एल्स्पेथ कानापर्यंत लाल झाली. असे सहा शनिवार गेले, आणि सांगायचं राहूनच गेलं.

जेवणाला एक आठवडा उरला, तेव्हा मात्र तिने मनाचा हिय्या केला आणि सगळं सांगितलं. फर्गस आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

"आजोबांची वही कधी चुकत नाही," तो म्हणाला. "काही पुरावा आहे?"

"माझ्या बाबांचा शब्द आहे."

 तो दार उघडून निघून गेला. थर्मास तिच्याच गाडीत राहिला. घरी जाताना एल्स्पेथ रडली, आणि मग रडल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

गुरुवारी त्याचा निरोप आला. रविवारी जेवणाला ये, बाबांना घेऊन ये, एवढाच. बाबा नाही म्हणत होते. तिने त्यांना अक्षरशः कोंबून गाडीत बसवलं.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. भाजलेलं मटण झालं, लॅमिंग्टन केक झाले, आणि फर्गस उभा राहिला. हातात कागद होता.

"मी ट्रेव्हर हेलबद्दल बोलणार होतो," त्याने सुरुवात केली. "जुलैमध्ये त्याला बोलावणं करायला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, अरे बाबा, तो मी नव्हतोच. मी म्हटलं, काय विनयशील माणूस! या आठवड्यात पुन्हा फोन केला आणि या वेळी नीट ऐकलं. सव्वीस वर्षं तो हेच सांगतोय. लग्नांत सांगितलं, बारमध्ये सांगितलं, या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं. आणि आपण प्रत्येक वेळी त्याची पाठ थोपटून त्याला बिअर पाजली."

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पुढच्या टेबलावरून पॅडी आजोबा काठी टेकत उठले.

"गाडीच्या काचेवर पाऊस होता," म्हातारा म्हणाला. "मी आकडा लिहिला. माणूस बघितलाच नाही. कॉलिन, पोरा, चुकलं माझं."

बाबांनी नुसती मान हलवली.  एल्स्पेथने टेबलाखाली त्यांचा हात घट्ट धरला.

"ते सात गोल कॉलिन डकेटचे होते," फर्गस म्हणाला. आता त्याने कागद खिशात कोंबला होता. "मला हे कळलं कसं? माझं जिच्यावर प्रेम आहे त्या मुलीने मला सांगितलं. आणि मी गाढव, तिच्याकडे पुरावा मागत बसलो."

 मग मागून क्लबच्या सेक्रेटरीबाई ग्लेंडा यांनी शांतपणे विचारलं, "फर्गस, हे तिला माहीत आहे का?"

फर्गसने एल्स्पेथकडे पाहिलं. मानेपासून वर लाल होत गेला.

"नाही..." तो म्हणाला. "म्हणजे... आत्ता झालं."

शंभर माना एल्स्पेथकडे वळल्या.  बाबा तिच्याकडे झुकले आणि कुजबुजले, "बाळ, मला उठून भाषण करायचंय. सव्वीस वर्षं थांबलोय. तू आधी तेवढं उत्तर देऊन टाक."

"माझंही तुझ्यावर आहे," एल्स्पेथ म्हणाली. "पहिल्या शनिवारपासून."

पुढची पाच मिनिटं टाळ्या, टेबलं बडवणं आणि शिट्ट्या. मग कॉलिन डकेट उठले, डोळे पुसले, घसा खाकरला आणि पहिल्या गोलापासून सांगू लागले. त्यांना घाई नव्हती. चेंडू कुठून आला, कोण आडवा आला, पाय कसा घसरला, सगळं तपशीलवार. चौथा गोल होईपर्यंत फर्गस टेबलांमधून वाट काढत एल्स्पेथच्या शेजारी येऊन बसला होता. उरलेले तीन त्या दोघांनाही ऐकू आले नाहीत.