फोटोपुरते वाढलेले पान

सुज्ञ वाचकहो, आता मी आपणापुढे जो प्रसंग कथन करणार आहे तो माझ्या डोळ्यांदेखत घडलेला आहे. त्यात पदरचे एक अक्षरही घातलेले नाही. विश्वास ठेवणे वा न ठेवणे हे मी सर्वस्वी आपणावर सोपवितो.

भुताखेताची गोष्ट म्हटली की रात्र आलीच, असा सर्वसाधारण समज आहे. ही घटना मात्र भर दुपारची आहे.

यंदाच्या जानेवारी महिन्यातील दुसरा शनिवार. वेळ दुपारी सव्वा ते तीन. स्थळ, पुणे शहरातील सदाशिव पेठ.

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला. शिक्षण नववीपर्यंत. पुण्याजवळच्या मांजरी गावात एका खोलीत एकटा राहतो. पत्नी अपेक्षा आणि कन्या गावी. जूनमध्ये मुलीला पुण्याच्या शाळेत घालायचे आणि दोघींना इकडे आणायचे, एवढाच माझा ध्यास होता.

नीरजाताई नावाच्या एक बाई पाहुण्यांना पेठांतून पायी फिरवतात. जुनी देवळे, तांबट आळी, तुळशीबाग, वाटेत मिसळ, आणि शेवटी केळीच्या पानावर पंगत. मी त्यांच्याकडे सामान उचलायला होतो. ऐकून ऐकून सगळी माहिती मला तोंडपाठ झाली होती.

त्या शनिवारी ताईंनी प्रथमच अख्खी फेरी माझ्यावर सोपवली. म्हणाल्या, पाहुण्यांचा अभिप्राय चांगला आला तर तुम्ही कायम. नाही आला तर गोदामावर पहारेकऱ्याची जागा पाहा.

सात जणांची नोंदणी होती. खराडीच्या एका कंपनीतील अवनी, तिचे सासरे दिगंबर खांबेटे, आणि अवनीचे पाच सहकारी.

खांबेटेकाका निवृत्त शिक्षक, अस्सल पेठेतले. तांबट आळीत मी माहिती देत असताना त्यांनी मला मध्येच थांबवले. हे कोणी सांगितले, असे विचारले. मी म्हणालो, असे ऐकिवात आहे. त्यावर ते म्हणाले, "मग ऐकिवातच राहू द्या."

सगळे हसले. मीही हसलो.

पंगत एका जुन्या मंगल कार्यालयात असते. दुसऱ्या मजल्यावर लांब दालन आहे. तिथे आता लग्ने होत नाहीत. स्वयंपाक आणि वाढप द्वारकाबाईंकडे. त्यांचे वय साठीच्या पुढे, बोलणे मोजके.

आम्ही पोहोचलो तेव्हा सात पाट, सात पाने मांडलेली होती. परंतु माणसे सहाच होती. अवनीचा एक सहकारी पोट बिघडल्यामुळे तुळशीबागेतूनच घरी परतला होता.

द्वारकाबाई म्हणाल्या, "ते शेवटचं पान उचला."

पण ताईंना छायाचित्रे हवी होती. पान काढले तर कडेचा पाट उघडा दिसेल, असे मला वाटले. मी म्हणालो, राहू द्या, त्यावरही वाढा.

"माणूस नसताना पान वाढू नये, ज्ञानदेव."

"फोटोपुरतं, बाई."

त्यांनी वाढले. माझ्याकडे न पाहता वाढले.

वाचकहो, माझी चूक इथवरच असती तर कदाचित निभावले असते.

वाढप झाल्यावर यजमानाने हात जोडून दोन शब्द बोलायचे असतात. ताईंनी ते मला पढवून ठेवले होते. मी पंगतीसमोर उभा राहिलो. एकेका पानासमोर मान लववीत गेलो. त्या ओघात सातव्या पानासमोरही माझे हात जोडले गेले…

आणि मी म्हणालो, "सावकाश होऊ द्या."

जेवणे सुरू झाली.

त्या वेळी सगळी पेठ झोपलेली असते. दुकाने बंद. रस्त्यावर माणूस नाही. तरीही एखादी दुचाकी, एखादे कबूतर, काहीतरी कानावर येतेच.

त्या दिवशी काहीच येत नव्हते.

मी जिलबीचे ताट घेऊन फिरत होतो. इतक्यात कडेकडून भुरका मारल्याचा आवाज आला… मठ्ठ्याचा असतो तसा.

मठ्ठा अजून कोणालाच वाढलेला नव्हता.

मी वळून पाहिले. कडेला खांबेटेकाका. त्यांच्या डावीकडे ते सातवे पान. काका मान किंचित तिकडे झुकवून हळू आवाजात काही बोलत होते. मध्येच थांबत होते. जणू कोणाचे ऐकून घेत होते…

अवनीने विचारले, बाबा, फोनवर आहात का? त्यांनी हाताने तिला थांबवले. मोठी माणसे बोलत असताना लहानांना थांबवतात, तसे.

पाऊण तास झाला. सगळ्यांची जेवणे उरकली. बोटे वाळली.

काका उठेनात.

पुष्कर नावाचा सहकारी म्हणाला, "काका, चला ना, पुढे कॉफीपण आहे."

"बसा," काका म्हणाले. "पंगत आहे, बसचा थांबा नाही. यांचं व्हायचंय अजून."

पुष्कर हसला. आणखी कोणीच हसले नाही.

मग माझे लक्ष काकांच्या पानाकडे गेले.

पान स्वच्छ होते. त्यावर शीतही उरले नव्हते…

तरीही त्यांचा हात पानावर जात होता, आणि तोंडाकडे येत होता. पुन्हा पानावर. पुन्हा तोंडाकडे.

द्वारकाबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "सोबत करतायत. शेजारचा जेवत असेल तर आपण हात थांबवायचा नसतो. एकेक शीत खात राहायचं."

"पण बाई, पानात शीत कुठे आहे?"

त्या आत निघून गेल्या.

अवनीने त्यांचा दंड धरून उठवण्याचा प्रयत्न केला. पुष्करने दुसऱ्या बाजूने धरले. सडपातळ म्हातारा माणूस. पण तिळभरही हलला नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. कपाळावर घाम होता. हात मात्र थांबत नव्हता.

पावणेतीन वाजले. अवनी रडत होती. तिने घरी फोन लावला. डॉक्टरांना घेऊन या म्हणाली.

मला माझी मुलगी आठवली. शाळा आठवली. या माणसाला इथे काही झाले तर माझे सगळेच संपले. आणि मुख्य म्हणजे, हे मीच केले होते. निमंत्रण माझ्या तोंडचे होते.

मी सातव्या पानापाशी गेलो.

भाताच्या मुदीला बोटांनी पाडलेला खळगा होता. भाजी संपलेली होती. लिंबू पिळलेले होते…

पाटावर कोणीही नव्हते.

मी हात जोडले आणि यजमानाने विचारावे तसे विचारले, "आणखी काय वाढू?"



मग काका बोलले. समोर पाहत, वैतागून.

"मठ्ठा मागतायत त्या. मघापासून. तुमचं लक्ष कुठे असतं?"

द्वारकाबाईंनी मठ्ठ्याचे भांडे आणले. वाटी मी भरली. काठोकाठ भरली.

आम्ही सगळे त्या वाटीकडे पाहत होतो.

मठ्ठा हळूहळू खाली जाऊ लागला…

वाटीच्या तळाशी कोथिंबिरीचे एक पान उरले.

काकांचा हात थांबला. ते उठले, हात धुतले, आणि सगळे असे का पाहत आहेत म्हणून सुनेलाच रागावले. डॉक्टरांना आणू नका म्हणून घरी कळवावे लागले.

मी त्यांना जिन्याने खाली सोडायला गेलो. रिक्षात बसताना त्यांनी मला जवळ बोलावले.

"जेवण चांगलं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना तुमची काळजी वाटली हो. म्हणाल्या, वाढणारा उपाशीच राहिला. आता त्याने बसायचं, मी वाढते." मग किंचित हसून म्हणाले, "पुण्यात इतका आग्रह कोणी करत नाही. सोडू नका."

रिक्षा गेली.

मी वर आलो. द्वारकाबाईंनी सातही पाने उचलून फरशी पुसली होती आणि त्या आत भांडी विसळत होत्या. दालन रिकामे होते…

मधोमध एक पाट होता. त्यापुढे एक हिरवेगार पान, पाणी शिंपडलेले.

पानाच्या वरच्या टोकाला चिमूटभर मीठ.

मी बाईंना हाक मारली. त्यांनी दारातून पाहिले, आणि पदराने तोंड झाकून घेतले. आम्ही दोघेही त्या दिवशी न जेवता बाहेर पडलो.

अभिप्राय उत्तम आला. खांबेटेकाकांनी लिहिले की मार्गदर्शकाचा इतिहास कच्चा आहे, आदरातिथ्य पक्के आहे. मी कायम झालो. मुलीचा शाळेतील प्रवेश निश्चित झाला आहे.

त्यामुळे दर शनिवारी मला त्या दालनात जावेच लागते.

सातवे पान आता मी कधीही वाढू देत नाही. मोजून पाने मांडतो. पाहुणे जेवतात, हसतात, जातात. त्यांना काही होत नाही.

परंतु त्यांना खाली सोडून मी वर आलो, की ते पान मांडलेले असते.

पुढच्याच शनिवारी मिठाशेजारी लिंबाची फोड होती. त्याच्या पुढच्या शनिवारी चटणी. त्यानंतर द्वारकाबाईंनी काम सोडले. मग कोशिंबीर आली. मग बटाट्याची भाजी. मग अळू. नव्या आचाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, आज अळू केलेच नव्हते. नीरजाताईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, आधी जेवत जा, ज्ञानदेव, रिकाम्या पोटी असे होते.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी पानावर भाताची मूद होती. परवा त्यावर वरण पडलेले होते. त्यातून वाफ येत होती…

आता फक्त तूप राहिले आहे.

आणि भातावर तूप पडले, की बसलेल्याने जेवायला सुरुवात करायची असते.

येत्या शनिवारी पाच पाहुण्यांची नोंदणी आहे. काम सोडले तर जूनमध्ये अपेक्षा आणि मुलगी कोठे येणार? म्हणून मी जाणार आहे. पाहुण्यांना सोडून पुन्हा वर जायचे नाही, खालूनच परत फिरायचे, असे मी प्रत्येक वेळी ठरवतो.

प्रत्येक वेळी मी वर जातो. का जातो, ते मला सांगता येत नाही. त्या जिन्यावर पाय ठेवला, की मला फार भूक लागते…

आपण आपला बहुमोल वेळ काढून हे निवेदन शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
ज्ञानदेव भोयर
मांजरी, पुणे