सशाच्या कानांची गाठ

"मामा, आजीची जोगोरी कुठंय?" बोराम ओरडली.

"ती काय, इस्त्री करून दांडीवर अडकवलीय!" गिसकमामाने फोनमधून डोकं न काढताच हात केला.

दांडी रिकामी होती!

बोराम, तिचा धाकटा भाऊ यूल आणि मावसभाऊ गॉनू, तिघांनी सगळं दुकान धुंडाळलं. आज आजीचा सत्तरावा वाढदिवस. दुपारी सगळे जेवायला जमणार होते. आजी घालणार होती ती फिकट हिरवी जोगोरी, म्हणजे पारंपरिक पोशाखातलं फितीचं आखूड जाकीट, तिच्या ताईने अधू डोळ्यांनी शिवलेलं. ताई आता नव्हती. उरली होती ती एवढी एकच आठवण.

मामाचं दुकान पारंपरिक पोशाख भाड्याने देण्याचं. आता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सकाळी एक बाई आल्या होत्या... मला वाटलं, ती दुकानातलीच, म्हणून भाड्याने दिली!"

"धन्य आहे तुझी!" बोराम म्हणाली. "कुठं गेल्या त्या?"

"इन्साडोंगच्या बाजारात जाऊन मग बुकचोनची टेकडी चढणार म्हणाल्या."

तिघे धावत सुटले. इन्साडोंगच्या रस्त्यावर कुंचल्यांची, कागदांची दुकानं आणि सुट्टीची ही गर्दी! निम्म्या बायका पारंपरिक पोशाखात, त्यातल्या कितीतरी हिरव्या जोगोरीत. यूलने एकीची बाही ओढून पाहिली.

"अरे कार्ट्या!" ती खेकसली.

"ओळखायची तरी कशी?" गॉनू रडकुंडीला आला.

यूल बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याची ती नेहमीची सशाच्या दोन कानांची गाठ बघून बोराम टुणकन उडाली.

"सापडलं! दुकानातल्या जोगोरीची गाठ तयार असते, टिचबटणावर लावायची. आजीच्या जोगोरीची फीत हाताने बांधावी लागते, एकाच कानाची! मामाला ती येते का?"

"त्याला? छे!"

"मग बाईंनी स्वतःच बांधली असणार, बुटासारखी! दोन कान शोधा!"

आता तिघे फक्त गाठी बघत बुकचोनचा चढ चढले. वरच्या गल्लीत, कौलारू वळचणीखाली, यूल किंचाळला, "ताई, कान! दोन कान!"

"शू!" गल्लीतल्या आजोबांनी 'इथे माणसं राहतात, हळू बोला' ही पाटी त्याच्या नाकासमोर धरली.

"कान," यूल कुजबुजला.

पायरीवर एक पिकल्या केसांच्या बाई बसल्या होत्या. हातातला गरम चहा त्यांनी अंगापासून लांब धरला होता आणि गळ्याभोवती रुमाल बांधला होता; त्याखालून गाठीचे दोन कान डोकावत होते. बोरामने सगळं सांगितलं.

"तरीच!" बाई म्हणाल्या. "हे टाके बघून वाटलंच, कुणीतरी फार मायेनं शिवलंय. डाग पडेल या भीतीनं सकाळपासून काही खाल्लं नाही बघ. चला, आधी आजींकडे!"

दुकानात कपडे बदलून बाई मुलांबरोबर घरी आल्या. मामाने मान खाली घालून सगळं कबूल केलं. आजीने जोगोरी उराशी धरली. डाग नाही, सुरकुती नाही. तिचे डोळे भरून आले.

"पोरांनो, माझी ताई परत आणलीत रे! आणि बाई, तुम्ही उपाशी राहून तिला जपलंत. तुमचे उपकार कसे फेडू?" ती जोगोरी घालून पुढे आली. "फीत तुम्हीच बांधा. तुम्हाला येते तशीच!"

"अहो, पण ती चुकीची..."

"असू दे. त्या चुकीमुळंच सापडली ना!"

वाढदिवसाच्या खास समुद्री शेवाळाच्या सूपचा पहिला वाडगा बाईंसमोर आला. शेजारीपाजारी गाठीकडे बघून हसत होते. आजी दिवसभर सशाचे दोन कान छातीवर मिरवत राहिली. कुणी विचारलं की तिन्ही मुलांना पुढे ढकलायची. आणि मामा? तो कोपऱ्यात एका कानाची गाठ शिकत बसला होता. शिकवत होता, आजीकडून ती नुकतीच शिकलेला यूल!