शेवटच्या वाफ्यापर्यंत

काळा बूट पाटाच्या काठावर पडला, ओली माती खचली आणि तुळसाच्या वांग्यांकडं निघालेलं पाणी भलत्याच मेथीत शिरलं.

"ओ बूटवाले! डोळे काय अमरावतीलेच ठेवून आले का?"

तुळसा फावडं घेऊन धावत आली. बूटवाला हातात पत्र्याची ट्रंक घेऊन जागीच थिजला होता. दौलतरावांचा रंगराव होता तो. बी.ए.ची परीक्षा देऊन नुकताच कारंज्याच्या स्टेशनावर उतरला होता आणि घराकडं जायला मळ्यांतली आडवाट धरून निघाला होता. तुळसानं त्याला ओळखलं. त्यानं मात्र तिला... हं, ओळखायला जरा वेळच लावला. सहा वर्षांत पोरी बदलतात, हे कॉलेजात शिकवत नसावेत.

"माफ कर... पण हा मळा तर आमचाच ना?"

"मळा तुमचा. पाणी आमचं. आज आमची पाळी हाय."

रंगरावानं ट्रंक खाली ठेवली, बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाटात उतरून हातानं चिखल थापायला लागला. थापणं येत नव्हतंच. एक थाप अशी बसली, की अर्धा चिखल तुळसाच्या गालावर.

"किती पाणी वाया गेलं असंल?" त्यानं बिचकत विचारलं.

"दोन वाफ्यांचं." गाल पुसता पुसता तिला हसू आवरेना.

विहीर तिघांची होती. दौलतराव, किसनसिंग आणि तुळसाचे वडील, तिघांनी मिळून खोदलेली. वडील गेले, तेव्हापासून त्यांचा हिस्सा तुळसाची आई आवडाबाई सांभाळत होती. पाळीचा नियम साधा होता. एक दिवस दौलतरावांचा, एक किसनसिंगचा, एक आवडाबाईचा. दिवस उगवला की मोट सुरू, मावळला की बंद. आवडाबाई विहिरीवर बैल हाकायची आणि तुळसा वाफ्यावाफ्यात पाणी सोडायची. तरी दरवेळी शेवटचे सात वाफे कोरडेच राहायचे. त्या त्रेपन्न सालच्या चैत्रात मिरची करपायला लागली, तशी आवडाबाई एकदा म्हणाली, "यंदा मिरची गेली तर मळा बटईनं, अर्ध्या पिकावर, देऊन टाकू. आपण मायलेकी तण निंदाले जाऊ लोकाच्या वावरात."

आता रंगराव दर तिसऱ्या दिवशी पाटाकडं फिरकायला लागला. कधी सांभार, म्हणजे कोथिंबीर, न्यायला, कधी उगीच. बोलायचा मात्र मोठमोठं. लोकशाही, समता, न्याय. तुळसा हात चालवत ऐकायची. त्याचा आवाज तिला आवडायचा, हे तिनं स्वतःलाही अजून सांगितलं नव्हतं.

"न्याय म्हंजे सगळ्यांले सारखं," तो एकदा ऐटीत म्हणाला. "आपल्या विहिरीचंच पाहा ना. तिघांले एकेक दिवस. झाला न्याय!"

तुळसानं फावडं टेकवलं. "पुढच्या पाळीले दिवस उगवाच्या आत विहिरीवर या. येताना ते हातातलं घड्याळ घेऊन या."

तो आला. आवडाबाईनं पहिली मोट ओढली, पाणी पाटात पडलं आणि दोघं पाण्याच्या तोंडासोबत चालायला लागले. पाण्याच्या चालीनं चालणं ही काय चीज आहे, ते चालल्याशिवाय कळत नाही. कोरडी माती पाणी पीत होती. पाणी हातभर पुढं जायचं आणि थांबायचं. ते थांबलं की यांनीही थांबायचं. थांबलं की बोलायचं...

"तिकडं अमरावतीले कोणी होती का?" तुळसानं पाटाकडं बघत विचारलं.

"होती ना. खानावळवाली मावशी."

"तसं नाही हो!"

"मंग कसं?" तो हसला. ती लाजली आणि पाणी पुन्हा पुढं सरकलं. दौलतरावांचा मळा संपला, किसनसिंगचा संपला. उन्हं वर आली तेव्हा कुठं पाणी तिच्या पहिल्या वाफ्याला लागलं. रंगरावानं घड्याळ पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"दीड तास."

"तुमच्या मळ्यात पाणी विहिरीतून निघालं का पोचलं. आमचा दीड तास माती पेते. सांगा आता, सारखं हाय का?"

त्यानं मागं वळून भिजलेल्या पाटाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुळसा, आमच्या दिवसातला दीड तास तू घेत जा. मी बाबाले सांगत नाही."

तिचे डोळे भरून आले आणि रागही आला. दोन्ही एकदमच. "तुमची मर्जी हाय तोवर पाणी, अन् तुमी अमरावतीले गेले का बंद? मले मेहरबानी नको. हक्काचं असंल तर द्या."

दोन दिवस रंगरावाला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तिघा हिस्सेदारांना विहिरीवरच्या चिंचेखाली बसवलं आणि नवा नियम मांडला. माती जेवढा वेळ पाणी पिते, तेवढा वेळ ज्याचा त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी भरून मिळावा. आवडाबाईनंतरची पाळी दौलतरावांची, म्हणजे दीड तास जाणार होता तो त्यांचाच.

दौलतराव तापट, पण मनानं मोकळा माणूस. आधी ओरडले. मग पोराच्या तोंडाकडं पाहिलं, तुळसाकडं पाहिलं आणि मिशीत हसले.

"अरे, भांडता काहून? आवडाबाई, तुळसा मले सून म्हणून द्या. मंग पाणी घरचंच. पाहिजे तेवढं घ्या!"

किसनसिंग खदखदून हसला. रंगरावाचे कान लाल झाले. हेच तर हवं होतं तुळसाला! रंगराव हवा होता, त्याचं ते मोठमोठं बोलणं जन्मभर हवं होतं. फक्त मान खाली घालायची, की झालं.

तिनं मान खाली घातली नाही.

"काका, मंग माह्या आईचं पाणी माह्या नांदण्यावर राहीन. मी गोड बोलली तर तिची मिरची जगंल. तुमी रुसले तर मरंल. आधी पाटाचा निकाल लावा."

"म्हंजे माह्या पोराले नाही म्हणली हे?" दौलतराव उठून उभे राहिले. "बरं. माह्यं वावर जास्त, माह्यं मत जास्त. नियम होत नाही!"

"बाबा," रंगराव हळू आवाजात म्हणाला, "बावन साली असेंब्लीचं मत टाकाले गेलते, तवा तुमाले किती चिठ्ठ्या देल्या?"

"...एक."

"अन् आवडाकाकूले?"

दौलतराव पुन्हा खाली बसले.

"नियमाच्या बाजूनं कोण कोण?" रंगरावानं विचारलं. आवडाबाईनं हात वर केला. दौलतरावांनी हात मांडीखाली दाबून धरला. राहिला किसनसिंग. त्यानं बिडी विझवली.

"आपण तिघानं मिळून विहीर खोदली दौलतभाऊ. मातीले पाणी पाजाचं ते बी तिघानंच पाजू." त्यानं हात वर केला.

दौलतरावांनी फेटा उचलला. "सोयरीक मोडली," म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

पुढचे आठ दिवस रंगराव फिरकला नाही. तुळसाची मिरची हिरवीगार झाली आणि तुळसा वाळत चालली. जिंकून इतकं रडू येतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी तिची पाळी होती. ती शेवटच्या वाफ्यात पाणी सोडत होती, तोच मागून आवाज आला.

"बाबा आठ दिवस माह्याशी बोलले नाही."

ती वळली नाही. वळली असती, तर डोळे दिसले असते.

"काल जेवता जेवता म्हणे, त्या पोरीनं मले चारचौघात हरवलं. घरात आणली तर रोज हरवीन. मी म्हटलं, हो. मंग म्हणे... आण."

आता मात्र ती वळली. रंगराव अनवाणी पाटात उभा होता.

"पण दर तिसऱ्या दिवशी मी इथंच असीन," ती घाईघाईनं म्हणाली. "आईच्या पाळीले."

"मी बी असीन. बैल मी हाकीन." मग घसा खाकरून, सभेत बोलावं तसा तो बोलला, "लग्नाचा ठराव मांडतो. बाजूनं कोण कोण?" आणि त्यानं स्वतःचाच हात वर केला.

तुळसानं फावडं टाकलं आणि चिखलानं भरलेले दोन्ही हात वर केले.

"ए, असं चालत नाही! एका माणसाचं एकच मत."

"एकच हाय माह्यं," ती हसत आणि रडत म्हणाली. "दुसरं आईचं. तुमी आलेच तर म्हणून सकाळीच विचारून ठेवलं."