हाकेवाचून उठलेला

कृष्णातअण्णांचं काम तसं साधं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीत उड्डाणपुलाच्या मागच्या गल्लीत एक सातमजली इमारत आहे. तिच्या गेटवर रात्रभर बसायचं, गाड्या सोडायच्या, पहाटे पाण्याची मोटर लावायची. माणूस निपाणीकडचा, शाळेचं तोंड न पाहिलेला. पण इमारतीतल्या प्रत्येकाचं पाऊल त्यांना आवाजावरून ओळखू यायचं.

चौथ्या मजल्यावरचा तनय पुण्याचा. त्याचं पाऊल सकाळी साडेनऊला वाजायचं, तेही धावत. एका बुटाची नाडी सुटलेली, तोंडात पोळीचा घास. तरी गेटवर थांबल्याशिवाय पुढं जायचा नाही.

"काका, रात्रभर तुम्ही जागता ना, तुमच्या वाटची झोप मीच काढतो बघा."

"काढा सर. स्वल्प माझ्यासाठी ठेवा म्हणजे झालं."

मग सहाव्या मजल्यावरच्या रविकिरणनं पहाटे उठणाऱ्यांचा गट काढला. लिफ्टमध्ये कागद चिकटवला. चारला उठा, आयुष्य बदलेल. उठायचं, समोरच्या बागेत पळायचं, फोटो काढून गटावर टाकायचा. जो उठत नाही त्याची सगळ्यांसमोर थट्टा. तनयची तर रोजच. ऑफिसातही तेच ऐकून घेत होता बिचारा. एके दिवशी गेटवर येऊन म्हणाला, "काका, गजरानं मला जाग येत नाही. तुम्ही चारला दार वाजवाल?"

आता निपाणीकडं झोपलेल्याला उठवायची एक रीत आहे. झोपेत जीव हिंडायला गेलेला असतो म्हणतात. म्हणून पायथ्याशी बसायचं, नावानं हाक मारायची, ओ येईतो थांबायचं. ओ आल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. नाव ऐकून ज्याचा तो जीव माघारी येतो. अण्णांची आई असंच उठवायची.

पण इमारतीचा नियम वेगळा. जिन्यात आवाज चढवायचा नाही, राहणाऱ्यांना नावानं बोलवायचं नाही. सगळे सर, सगळ्या मॅडम. अण्णांना ते खटकलं होतं. पण नोकरीचा माणूस, गप्प बसला.

पहिल्या पहाटे त्यांनी दारावर बोटं वाजवली. "सर... उठा सर." बऱ्याच वेळानं तनय डोळे चोळत, कुरकुरत आला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मात्र "सर" म्हणताक्षणी दार उघडलं. केस विंचरलेले, बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या. झोपेतून उठलेल्या माणसाच्या अंगाला एक उबट वास असतो. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. तो काही न बोलता जिना उतरून गेला, आणि अण्णांना त्याचं पाऊल ओळखू आलं नाही.

दोन महिन्यांत तनय पार बदलला. पोट गेलं, बढती मिळाली. रविकिरण ज्याला त्याला त्याचं उदाहरण द्यायचा. गेटवरून जाताना तनय आता मान वळवत नसे. पूर्वी रोज त्याच्या हातची बिस्किटं खाणारी गल्लीतली कुत्री त्याला बघून गाडीखाली शिरायची.

मग एका पहाटे, तो बागेत पळत असताना, सिद्धी खाली आली. तनयची बायको. खांद्यावर शाल, पायांत काही नाही.

"काका... तनय खाली आहे ना?"

"ते काय, पळतायत."

तिनं वळून बघितलं नाही. "मग आमच्या अंथरुणात कोण घोरतंय?"

अण्णांनी बागेकडं बघितलं. तो पळतच होता.

"त्याची बाजू रिकामी असते, पण गादीला खळगा असतो. हात लावला की गरम लागतो. दुपारपर्यंत तसाच असतो. घोरणं त्याचंच आहे, मी ओळखते. आधी मला वाटलं, मलाच भास होतोय... पण आता ते घोरणं बारीक होत चाललंय, काका. गादी निवत चाललीय."

अण्णा त्याच पावली रविकिरणकडं गेले. तो बागेच्या कडेला घड्याळ बघत पाय ताणत होता. सगळं ऐकून हसला.

"काका, तो पूर्वी कसा होता ते विसरलात? लोळत पडायचा. आता माणूस झालाय."

"माणूसच होता तो," अण्णा म्हणाले. आवाज चढला नाही. "झोपाळू होता, पण थांबून बोलायचा. तुम्हाला कामाला येईल असा एक मिळाला, म्हणून हा कोण, कुठून आला, कुणालाच विचारायचं नाही होय?"

"तुम्ही गेटवर बसा," रविकिरण म्हणाला.

अण्णा गेटवर बसले नाहीत. सिद्धीच्या मागून चौथ्या मजल्यावर गेले. सहा वर्षांत कुणाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर नोकरीचे काळे बूट काढले, टोपी काढली. झोपायच्या खोलीत अंधार होता. बंद खोलीचा, अंगाखालच्या चादरीचा वास. आणि खरंच, अगदी बारीक, लांब लांब अंतरानं... घोरण्याचा आवाज.

सिद्धी भिंतीला टेकून उभी राहिली. अण्णा पायथ्याशी जमिनीवर बसले. सर म्हणायला सरावलेली जीभ, ती नावाकडं वळेना.

"तनय..."

घोरणं थांबलं.

"तनय, बाळा... ऊठ."

उशीवरचा खळगा जरासा हलला. कुणी कूस बदलावी तसा. अण्णांनी तिसरी हाक मारली. आणि फार खालून, जिन्याच्या पार तळातून यावी तशी, झोपाळलेली, लाडिक...

"ओ..."

सिद्धीच्या तोंडून हुंदका फुटला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कुणाला उठवताय, काका?"

तो उभा होता. इतकं पळून आला होता, पण कपाळावर घामाचा थेंब नव्हता, छातीला धाप नव्हती.

"ज्याचं घर आहे त्याला," अण्णा म्हणाले. "तुला कुणी बोलावलं इथं?"

"तुम्हीच." तो हळू, शहाण्यासारखा बोलला. "रोज चारला दार वाजवलंत. नाव नाही घेतलंत. सर म्हणालात... मी उठलो." मग गादीकडं बघून, जवळजवळ मायेनं म्हणाला, "राहू द्या त्याला. त्याला झोप आवडते."

अण्णांनी चादरीवर हात ठेवला. गादी गार होती.

सकाळी नऊला अण्णांची नोकरी गेली. परवानगीवाचून घरात शिरले म्हणून. सिद्धी त्यांच्या बाजूनं बोलली, पण नवऱ्यानं तक्रार केली होती, तिचं कोण ऐकतं? आठवड्यानं ती पुण्याला निघून गेली. भांडी, कपाट सगळं ठेवून गेली, फक्त ती गादी टेम्पोत घातली. उशी मांडीवर घेऊन बसली होती म्हणतात.

इमारतीत आता प्रत्येक दाराला घंटी बसवलीय. चारच्या ठोक्याला सगळ्या मजल्यांवर एकदम वाजते. सगळे उठतात. एकालाही नावानं हाक नाही. अण्णा आठवण निघाली की अजून संतापतात. म्हणतात, माणूस उठवायचा तर त्याला विचारून उठवा, त्याच्या नावानं उठवा. एवढीही माया नसेल तर झोपू द्या ना त्याला.

पण त्यांची स्वतःची काळजी वेगळी आहे. या शहरात त्यांना नावानं बोलावणारं कोणी उरलं नाही. कुणी काका म्हणतं, कुणी वॉचमन. बायको अंबूबाई चव्वेचाळीस वर्षं 'अहो' म्हणत आली. नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, एकदाच. अण्णांनी तिची फार विनवणी केली. ती लाजली, रागावली, शेवटी कबूल झाली. आता रोज पहाटे ती पायथ्याशी बसते, पदर तोंडाला लावते आणि हळूच म्हणते, "कृष्णात..."

अण्णा ओ देतात, मगच डोळे उघडतात.

गेल्या सोमवारी त्यांनी डोळे उघडले तेव्हा अंबूबाई त्यांच्याकडं बघत नव्हती. दाराकडं बघत होती.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. मग पदर सारखा करत, "मी एकच हाक मारली हो. ओ दोनदा आली. एक दाराकडून."

दाराशी अण्णांच्या जुन्या नोकरीतले, तेव्हापासून माळ्यावर टाकलेले काळे बूट होते. नाड्या घट्ट बांधलेल्या.