ताटाची डावी बाजू

"मेंदू निर्दोष. गाठ नाही. खात्री नव्याण्णव टक्के."

पारखीचा आवाज शांत होता. तो नेहमीच शांत असे. सहा महिन्यांत हाच निकाल त्याने डॉ. शर्वाणी इंगवले यांना तिसऱ्यांदा ऐकवला. तो ऐकून चित्रणकक्षातून बाहेर पडताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. हे किती वेळा झालं, ते मोजणं त्यांनी सोडून दिलं होतं.

"मग हे काय आहे?" दंडावरचा काळानिळा वळ चोळत त्यांनी रिकाम्या खोलीला विचारलं. पारखीला फक्त मेंदूची चित्रं कळत, बाईंचं दुखणं कळत नसे.

साल २०४३. मिरजेबाहेरच्या मज्जाचित्र संशोधन केंद्रात पारखीचा जन्म झाला होता आणि त्याचं सगळं शिक्षण शर्वाणीबाईंच्या हाताखाली पार पडलं होतं. अकरा वर्षं त्यांनी चुंबकीय प्रतिमांवर लेखणी फिरवली होती. प्रत्येक गाठीभोवती एक बारीक रेघ, अशा चाळीस हजार रेघा. त्या बघून बघून पारखीच्या कृत्रिम मज्जाजालाने गाठ ओळखायला शिकावं, हेच ते सखोल शिक्षण. आता राज्यातल्या सव्वीस रुग्णालयांमधली चित्रं थेट पारखीकडे येत. डॉक्टरांच्या हाती फक्त निकाल पडे. चित्र उघडून बघायची सवयच लोकांनी सोडली होती, आणि त्याचा शर्वाणीबाईंना अभिमान होता.

आता त्याच अभिमानाचा पिंजरा झाला होता. गेलं वर्षभर त्यांची डावी चप्पल हरवत होती, गाडी डावीकडे घासत होती, वाचताना ओळी तुटक लागत होत्या. तीन डॉक्टर झाले. तिघांनीही चित्र काढलं, पारखीला विचारलं, आणि आदराने हात जोडून त्यांना घरी पाठवलं. चौथ्याने विश्रांतीच्या गोळ्या दिल्या. मग त्यांनी स्वतःचं चित्र स्वतः तपासलं. काहीही नव्हतं. छप्पन्नाव्या वर्षी आपलं डोकं फिरायला लागलंय की काय, ही भीती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

त्या दिवशी दुपारी डॉ. तनवीर मुजावर जेवायला येणार होता.

तनवीर एकेकाळचा त्यांचा लाडका शिष्य. तोही रेघा आखायचा. पण तीन वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं. "रिकाम्या जागी रेघा मारतोस," असं म्हणत बाईंनी त्याच्या शेकडो रेघा पुसल्या आणि त्याची रवानगी जतच्या रुग्णालयात केली. तिथे पारखी अजून पोचला नव्हता. तो पोचावा, यासाठी तनवीरला पटवायचं म्हणूनच आजचं आमंत्रण होतं.

केंद्राच्या आवारातच बाईंचं घर होतं. स्वयंपाकघर त्यांच्या विधवा नणंदेच्या, प्रभावन्संच्या ताब्यात. वन्संनी तनवीरला पाहिलं आणि रागलोभ बाजूला ठेवून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"वाळलास रे! जतला जेवायला मिळत नाही काय?"

"मिळतं की, आत्या. पण तुमची कारळ्याची चटणी मिळत नाही."

झालं. वन्संना हेच हवं होतं. जेवताना त्यांनी शर्वाणीबाईंच्या पुढ्यातल्या ताटाकडे बोट दाखवलं. "बघ, परक्याला आठवण आहे. आणि ही घरची! वर्ष झालं, चटणीला बोट लावत नाही की कोशिंबिरीला. मीठसुद्धा वरून मागते, ताटात वाढलेलं असून. माझ्या हाताची चव गेली म्हणते की काय, देव जाणे."

"वन्सं, तुम्ही वाढतच नाही, तर मी काय खाऊ?" शर्वाणीबाई वैतागल्या. "रोज तेच. आता पाहुण्यासमोर तरी नको."

"वाढत नाही? आता बाई काय म्हणावं हिला!"

तनवीर हसला नाही. तो बाईंच्या ताटाकडे बघत होता. उजवीकडची भाजी संपली होती, आमटीची वाटी निपटून झाली होती. मधल्या भाताचा उजवा अर्धा भाग खाल्लेला होता आणि डावा अर्धा, विळीने कापावा तसा, सरळ रेषेत शिल्लक होता. त्याच्या पलीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. सगळं वाढलं होतं तसंच.

"मॅडम, भात वाढू?" त्याने विचारलं.

"वाढ थोडा. संपलाच माझा."

तनवीरने भाताला हात लावला नाही. त्याने बाईंचं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि अर्धं फिरवलं.

शर्वाणीबाईंचा चेहरा उजळला. "अगोबाई! आत्ता वाढलीत होय चटणी? आणि भातही!" त्यांनी चटणीत बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले. "वन्सं, वर्षभरानं खातेय हो."

वन्संच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनी तनवीरकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं बघून त्या घाबरल्या.

*

"तुमचं चित्र दाखवा," प्रयोगशाळेत येताच तनवीर म्हणाला.

"वन्संनी कान भरले वाटतं. पारखीनं तीनदा—"

"चित्र दाखवा, मॅडम."

पडद्यावर मेंदूचा आडवा छेद उमटला. तनवीरने तो पाहिला आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली. पडद्याच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, लिंबाएवढी गाठ होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसली असती.

"काय दिसतंय तुम्हाला?"

"काही नाही. अगदी स्वच्छ."

"डावीकडे बघा."

"डावीकडेच बघतेय." त्या चिडल्या. त्यांची नजर चित्राच्या मध्यावर येऊन थांबली होती.

तनवीर त्यांच्या शेजारी बसला. त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, तसा रुग्णाचा उजवा मेंदू पडद्यावर डावीकडे दिसतो. आणि उजव्या मेंदूच्या या भागाचं काम काय?"

"डाव्या बाजूचं भान ठेवणं," त्या धडा म्हटल्यासारख्या म्हणाल्या.

"ते भान गेलं तर?"

"तर अर्धं जग नाहीसं होतं. डोळे ठीक असतात, पण डावीकडे काही आहे हेच मेंदूच्या गावी नसतं. अर्धं-भान म्हणतो आपण त्याला. रुग्ण अर्धीच दाढी करतो, अर्धंच—" त्या थांबल्या.

"अर्धंच ताट जेवतो."

मग बाईंनी मान ताठ केली. "मला भान नसेल. पण पारखीला मेंदू नाही, आजार नाही. त्याला का दिसत नाही?"

"त्याला शिकवलं कुणी? ज्याभोवती तुमची रेघ ती गाठ. जिथे रेघ नाही ते निरोगी. तुमचं भान हळूहळू गेलं, तशा डावीकडच्या रेघा हळूहळू कमी झाल्या. त्यानं प्रामाणिकपणे तेच उचललं. पडद्याच्या डावीकडे जे काही पांढरं, गोल दिसेल, ते निरोगी."

"त्याची परीक्षा झालीय. शंभरातले नव्याण्णव निकाल बरोबर आलेत."

"उत्तरपत्रिका कुणी तपासली?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"चित्र उलटं करून दाखव मग," त्या हट्टाने म्हणाल्या. "डावी बाजू उजवीकडे आण."

तनवीरने आज्ञा दिली. पारखी शांतपणे म्हणाला, "प्रतिमा उलटी करण्यास मनाई आहे. नियम चार."

तो नियमही बाईंचाच. पूर्वी एका रुग्णालयात उलट्या छापलेल्या चित्रामुळे माणसाची कवटी भलत्याच बाजूने उघडली गेली होती. तसं पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी पारखीच्या मुळातच हे कुलूप घातलं होतं. शिकवतानासुद्धा एकही चित्र कधी उलटं करून दिलं नव्हतं. आपणच घातलेल्या कुलपाकडे त्या बघत राहिल्या.

तनवीर उठला. हात धुवायच्या जागेवरचा आरसा त्याने खिळ्यावरून काढला, पडद्यासमोर तिरपा धरला आणि म्हणाला, "आता बघा."

शर्वाणीबाईंनी आरशात पाहिलं. मेंदूच्या उजव्या अंगाला पांढरीफटक गाठ होती. अकरा वर्षांच्या सवयीने त्यांचं बोट उठलं आणि आरशाच्या काचेवर तिच्याभोवती फिरलं. मग त्या आरशाकडून पडद्याकडे वळल्या. पडदा स्वच्छ होता. पुन्हा आरसा. गाठ. पुन्हा पडदा. काही नाही.

"बाहेर येता येत नाही रे यातून," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "मला माहीत आहे की ती तिथे आहे. तरी ती तिथे नाहीच."

तनवीरने आरसा खाली ठेवला. त्याचेही डोळे भरले होते. तीन वर्षं तो जतला प्रत्येक चित्र दोन-दोनदा बघत होता, आपल्याच नजरेवर शंका घेत होता. आज ती शंका फिटली होती आणि त्याला जराही आनंद होत नव्हता.

रडणं थांबल्यावर बाईंची नजर भिंतीवर गेली. तिथे चौकटीत त्यांचं मानपत्र लावलेलं होतं. ‘राज्यात उजव्या मेंदूतील गाठींचं प्रमाण चार वर्षांत एक-दशांशावर आलं’, या शोधाबद्दल. कुणी त्याचं श्रेय शुद्ध पाण्याला दिलं होतं, कुणी बदललेल्या आहाराला. परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

"त्या गाठी कमी झाल्या नव्हत्या," त्या हळूच म्हणाल्या. "मला त्या दिसायच्या थांबल्या होत्या."

"आधी तुमचं ऑपरेशन. पुढचं मग बघू. मी रेघ आखतो."

त्याने लेखणी उचलली आणि गाठीभोवती काळजीपूर्वक रेघ आखली. तीच रेघ बघून शस्त्रक्रियेचा यंत्रहात कापणार होता. रेघ नसेल तर तो हात जागचा हलत नसे.

"डॉ. मुजावर यांची रेघ डॉ. इंगवले यांच्या रेघांशी जुळत नाही," पारखी म्हणाला. "चुकीची रेघ पुसत आहे."

रेघ पुसली गेली.

तनवीरने पुन्हा आखली. ती पुन्हा पुसली गेली. तिसऱ्या वेळी त्याने मेजावर मूठ आपटली. "मी तुझ्या रेघा पुसत राहिले तेव्हा त्यानं हेही उचललं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता थंड झाला होता, प्रयोगशाळेतला नेहमीचा. "मतभेद झाला तर अंतिम रेघ माझी. लेखणीवरचा दाब, हाताची लकब, सगळं तो ओळखतो. तुझ्या हाताला तो मानायचा नाही."

"आणि तुमच्या हाताला गाठ दिसत नाही."

"हाताला कुठे काय दिसतं? डोळे लागतात. ते तुझे असू देत."

त्यांनी लेखणी घेतली आणि हात पुढे केला. तनवीरने तो मनगटापाशी धरला आणि डावीकडे नेला. पडदा जिथे संपतो असं त्यांना वाटत होतं, त्याच्याही पलीकडे. तिथे त्यांच्यासाठी काळोखही नव्हता. काहीच नव्हतं. अकरा वर्षांत न दिसलेल्या गोष्टीभोवती त्यांनी एकही रेघ आखली नव्हती. आता तनवीर हलकेच दिशा देत होता आणि त्या आपल्या नेहमीच्या दाबाने, नेहमीच्या लकबीने, शून्याभोवती रेघ फिरवत होत्या.

"डॉ. इंगवले," पारखीने विचारलं, "या जागी तुम्हाला गाठ दिसते आहे का?"

त्यांनी त्या बाजूला पाहिलं. निदान पाहिलं असं त्यांना वाटलं.

"दिसते," त्या खोटं बोलल्या.

"नोंद केली. आभारी आहे."

रेघ राहिली. तनवीरने सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांचा हात सोडायला गेला, पण बाईंनीच त्याचं मनगट धरून ठेवलं.

"ऑपरेशन कधी होईल?"

"उद्या सकाळीसुद्धा होईल."

"आणि त्यात या हाताची लकब बदलली तर? किंवा मीच गेले तर? पारखी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "गेल्या चार वर्षांत ज्यांना निर्दोष म्हणून घरी पाठवलं आणि ज्यांचं दुखणं तरी थांबलं नाही, त्यांची यादी काढ."

"मॅडम, तुमच्याकडे वेळ नाही."

"त्यांच्याकडे तरी कुठे आहे? काढ."

यादी आली. दोन हजार एकशे आठ नावं. दारात केव्हाच्या येऊन उभ्या राहिलेल्या प्रभावन्सं आत आल्या, आणि बाईंच्या डाव्या बाजूला, त्यांना न दिसणाऱ्या बाजूला, खुर्ची मांडून बसल्या.

"पहिलं नाव वाच," बाई म्हणाल्या.

"सुलभा कांबळे. वय एकतीस, विटा. दोन वर्षांपूर्वी डोकेदुखी. पारखीचा निकाल निर्दोष. मनाच्या ताणावर गोळ्या दिल्या." तनवीरने चित्र उघडलं आणि तो पडद्याच्या डावीकडे झुकला.

"आहे ना?"

"आहे."

"आधी फोन लाव," शर्वाणीबाई म्हणाल्या. "ती स्वतः उचलते की घरचं कुणी, ते बघ."

त्या हात पुढे करून बसल्या, आणि पलीकडे घंटी वाजत राहिली.